रेघ

दादा लग्न करून दूर राहायला गेला आणि घरात धाकटा एकटाच उरला. त्या जपानी भुताच्या गेमचा पहिला भाग दोघांनी एकाच खुर्चीत दाटीवाटीने बसून संपवला होता. आज दुपारी धाकट्याने दुसरा भाग लावला आणि दादाला फोन केला.

"नवीन काय त्यात? भूत तेच ना?"

"तेच, पण आता त्याला ऐकू येतं. हेडफोनच्या माइकमधून आपला श्वास ऐकतं. पडद्यावर रेघ हलते, जितका श्वास जवळ तितकी उंच. श्वास रोखला की ते निघून जातं."

"मग तू मेलासच. तुझं तोंड कधी बंद असतं?" दादाने हसत फोन ठेवला.

पडद्यावर भूत दारात आलं. धाकट्याने श्वास रोखला, तरी रेघ बारीकशी वरखाली होतच राहिली.

त्याने पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली. रेघ तशीच.

"कोण आहे?" असं विचारून त्याने पुन्हा श्वास रोखला.

रेघ सपाट झाली. पलीकडूनही कुणी श्वास रोखावा, तशी.

खोली एकदम फार रिकामी वाटली.

"जाऊ नकोस," तो हळूच म्हणाला आणि श्वास रोखून वाट पाहू लागला.

रेघ उसळून पडद्याच्या वरच्या कडेला टेकली. माइक त्याच्या ओठांपाशी होता.