गोठ्यातला कॅमशाफ्ट

"मोटारीपायी घराचा उकिरडा झालाय. इंजन गोठ्यात अन् गाय पावसात," रूपाबाई पुटपुटली. पुटपुटली म्हणजे कशी, तर सासऱ्याच्या खांद्यामागं उभी राहून, चांगली मोकळ्या गळ्यानं.

संपतरावांनी मान वळवली नाही. ते इंजनाच्या पोटात हात घालून बसले होते.

नर्मदाबाईंनी सुनेला डोळ्यांनी दटावलं. एरवी सासऱ्यासमोर पदर ढळू न देणारी पोरगी; पण या श्रावणात तिचीही जीभ सैल झाली होती.

संपतरावांनी मौन धरलं होतं. साखरा गावात सगळ्यांना नर्मदाबाईंनीच तसं सांगितलं होतं: मोटार चालू होईस्तोवर ते बोलायचे न्हाईत, कुणी हाका मारू नका. श्रावणात मौन धरणारी माणसं घरोघर. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मोटार उत्तमसिंगची. लढाई संपून पेट्रोल मिळायला लागलं तसं त्यानं हिंगोलीत स्टेशनाजवळ वर्कशॉप काढलं होतं आणि त्याला मुख्य मिस्तरी पाहिजे होता. साखऱ्याचे संपतराव नुसत्या आवाजावरून इंजनाचं दुखणं सांगतात, हे त्यानं ऐकलेलं. मुलूखभर फिरून खिळखिळी झालेली ही मोटार त्यानं बैल जुंपून गोठ्यात आणून सोडली. हैदराबादेहून मागवलेला नवा कॅमशाफ्ट सोबत दिला. "ही धावली तर वर्कशॉप तुमच्या हाती," म्हणाला नि गेला.

कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या इंजनावरचं संपतरावांचं काम आधीच सुटलं होतं. काहून सुटलं, हा विषय घरात कुणी काढत नसे.

कॅमशाफ्ट म्हणजे झडपा उघडणारा उंचवट्यांचा दांडा. जुन्याचे उंचवटे झिजून पार गुळगुळीत झाले होते. संपतरावांनी झडपांखालचे खुंट सुतानं वर बांधून घेतले, जुना दांडा अलगद ओढून काढला, नवा सरकवला, दातेरी चाकांवरच्या खुणा समोरासमोर आणल्या. मग एकेका झडपेखाली बोट फिरवत फटी मिळवत बसले. पान्हा पाहिजे झाला की हात पुढं करत. नर्मदाबाई समोर येऊन तळहातावर ठेवत. मागून कधी देत नसत.

उत्तमसिंग आला तेव्हा गोठ्याभोवती निम्मं गाव गोळा झालं होतं.

"राम राम, मिस्तरी," त्यानं दारातूनच हाक दिली.

संपतरावांची पाठ हलली नाही.

"काहून, रुसले काय?"

"मौन हाय न त्यांचं," नर्मदाबाई घाईनं पुढं झाल्या. "तुमच्याच मोटारीपायी धरलंय."

"मग तर चालू केलीच पाहिजे, भाभी. न्हाई तर जन्मभर मुके राहतील."

लोक हसले. नर्मदाबाईही हसल्या, जरा जास्तच.

उत्तमसिंगनं हँडल मारलं. फुस्स झालं. रूपाबाईनं पदराचं टोक दातांत धरलं. त्यानं पुन्हा जोर लावला, तशी मोटार खोकली, अंग झाडून थरथरली आणि लागली चालायला.

उत्तमसिंगनं सळईचं एक टोक इंजनाला टेकवलं, दुसरं कानाला. बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग उठला, संपतरावांच्या समोर आला आणि त्यांचे दोन्ही खांदे धरले.

"टकटक न्हाई, खरखर न्हाई. सतार वाजून राहिली, सतार. वर्कशॉप तुमचं झालं. आता तरी मौन सोडा."

नर्मदाबाईंनी त्याच्या पाठीआडून नवऱ्याला खुणावलं: नुसती मान हलवा.

संपतरावांनी त्याच्या ओठांवरची नजर काढली, धोतराला हात पुसला. थरथरत्या बॉनेटवर तळवा पसरून ठेवला. त्यांच्या मिशा हसल्या.

"असंल, सिंगजी," ते गरजेपेक्षा कितीतरी मोठ्यानं म्हणाले. "हाताला तर तसंच लागतंय. कानाचं म्हणाल, तर गेल्या पोळ्यापासनं मला काहीच ऐकू येत न्हाई."