शेजारचा तंबू

वडील गेल्यापासून तन्मयची आई त्याच्याकडे दुबईतच राहायची. साठीला टेकलेली ती बाई इथल्या मराठी ग्रुपबरोबर स्कूटरवरून युरोप फिरायला निघाली, तेव्हा तन्मयनेच हौसेने तिला तंबू घेऊन दिला होता.

पण फोटो येऊ लागले, तसं त्याचं ऑफिसात लक्ष लागेना. ऑस्ट्रियाच्या घाटात आईच्या मागोमाग सतीश नावाच्या गृहस्थांची स्कूटर होती. स्लोव्हेनियात तळ्याकाठी त्यांचा तंबू आईच्या तंबूला अगदी खेटून होता. आजच्या फोटोत तर आई त्यांच्याच ताटलीतून मॅगी खात होती.

"ग्रुप टूर आहे, एकत्रच असणार ना सगळे," त्याच्या बायकोने, शुभ्राने समजावलं. त्याला काही ते पटेना. शेवटी न राहवून त्याने आईला फोन लावला.

"आई, स्पष्टच बोलतो. त्या सतीशकाकांचं लक्षण मला ठीक दिसत नाही. त्यांच्या मनात काहीतरी आहे."

"मलाही तोच संशय होता रे," आई शांतपणे म्हणाली.

"मग?"

 

"मग काय, काल मीच त्यांना लग्नाचं विचारलं. हो म्हणाले."