मॅडमची मुलगी

आईने पहिलं लक्षण सांगितलं आणि शेवटच्या बाकावर बसलेल्या टकळीने कान टवकारले.

"मूल बोलण्यात पटाईत असतं. पण पुस्तक उघडलं रे उघडलं, की त्याला तहान लागते, पोट दुखतं, शाळेत जाणं नको होतं," आई शाळेच्या सभागृहात जमलेल्या पालकांना सांगत होती. "असं मूल आळशी नसतं. ढ तर मुळीच नसतं. त्याला अक्षरांचा मेळ पटकन लागत नाही. यालाच डिस्लेक्सिया म्हणतात."

टकळीने हातातली पाण्याची बाटली हळूच बाकाखाली सरकवली.

बाबांना सुट्टीच्या दिवशीही ड्यूटी लागली, म्हणून आईने तिला सोबत आणलं होतं. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू, म्हणून बाबा तिला टकळी म्हणत. आईला मात्र सगळी शाळा मॅडम म्हणायची. मुलांच्या अडचणी ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मॅडमच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही, असं शाळेचा शिपाई येईल त्याला ऐकवायचा. आज ती नजर आपल्यावर पडणार, याची टकळीला खात्रीच झाली. ती पुढच्या धिप्पाड काकांच्या पाठीआड सरकून बसली.

"दुसरं लक्षण. ही मुलं ऐकून पाठ करतात. शेजारच्याकडून धडा आधी वाचून घेतात आणि मग पुस्तक समोर धरून घडाघडा म्हणतात. आपण खूश! काय छान वाचतंय हो आमचं बाळ!"

लोक हसले. टकळीने मान आणखी खाली घातली. अरे देवा, हिला हेही ठाऊक!

आजवर तिचं निभावलं होतं ते नशिबाने. रोज संध्याकाळी आई हौसेने धडा वाचून दाखवायची, तो तिच्या डोक्यात पक्का बसायचा. शिवाय मागे एकदा टकळीचा आवाज बसला होता, तेव्हापासून आईने वर्गात सांगून ठेवलं होतं, की हिचा घसा नाजूक आहे, हिला मोठ्याने वाचायला लावू नका. पण आता नवे सर आले होते. "घसाबिसा काही नाही. सुट्टीनंतर मी पान उघडून देईन, ते प्रत्येकाने उभं राहून वाचायचं," त्यांनी बजावलं होतं. त्या उद्याच्या धास्तीने तिला सकाळपासून घास गिळवत नव्हता.

तेवढ्यात एक वडील उठले. त्यांची मान खाली होती. "मॅडम, चारचौघांत कळलं तर पोराला नावं ठेवतील हो."

"ठेवू देत!" आईचा आवाज चढला. "तुम्ही लपवलंत, तर ते मूल आतल्या आत कुढत राहील. त्याला वाटेल, आपल्यातच काहीतरी खोट आहे. उलट मदत मिळाली, तर ते शिकतं. हमखास शिकतं. मुलाला जवळ घ्या, आणि सांगा, मी आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. टकळीने तर हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. तिची भीती कुठल्या कुठे पळाली. अशी आई असताना आपण वेड्यासारखं लपवत बसलो! तिला आईचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

सभागृह रिकामं झालं. दाराशी मुख्याध्यापिका दोन-चार पालकांशी बोलत उभ्या होत्या. आई व्यासपीठावर माइकची वायर गुंडाळत होती. टकळी धावत गेली आणि तिने आईचा हात धरला.

"आई, तू सांगितलंस ना, ते सगळं मला होतं. मला वाचता येत नाही गं."

आईचा हात थांबला. तिने टकळीकडे पाहिलं नाही. आधी दाराकडे पाहिलं. मग खाली वाकून तिचं मनगट घट्ट दाबलं.

"माहीत आहे मला," ती कुजबुजली. "हळू बोल."