इंजिनाच्या पोटात

"वाफ बंद कर, नाथा! फुटेल ते!"

श्रीपादपंत ओरडले, पण नाथाचा हात आधीच दांड्यावर गेला होता. इंजिनाच्या पोटात पुन्हा तोच ठोका पडला. ठक्, आणि मग लागोपाठ ठक् ठक्. लोखंडी चाक अडखळत थांबलं. धुराड्यातून धुराबरोबर पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या आणि नाथाच्या बंडीवर येऊन पडल्या. मोहने गावच्या नदीकाठी जमलेल्या बायका मागे सरल्या. पदराआड हसल्याही असतील. त्यांना हसायचा हक्क होता.

रेल्वेच्या पुलाचं काम संपलं तेव्हापासून हे बैलांनी ओढत न्यायचं वाफेचं इंजिन काठावर गंजत पडलं होतं. कल्याणच्या श्रीपादपंतांनी ते भंगारातून उचललं, कारण त्यांच्या डोक्यात भाताची गिरणी बसली होती. गावातल्या बायका मुसळानं भात कांडून पोट भरायच्या. त्यांचं आठवड्याचं काम इंजिन एका सकाळी उरकणार, असं पंत आल्यागेल्याला सांगत. आगगाडीवर कोळसा ओढून जीव मेटाकुटीला आलेल्या नाथाला त्यांनी शब्द दिला होता. इंजिन चाललं तर गिरणीचा ड्रायव्हर तू. नाही चाललं तर ते भंगारात आणि तू परत कोळशात. आज दुपारी गिरणीत पैसा घालणारे मुंबईचे शेट इंजिन बघायला येणार होते.

नाथानं आपल्याकडून काही बाकी ठेवलं नव्हतं. बॉयलरमध्ये साचलेला मळ त्यानं छिन्नीनं खरवडून काढला, तरी हात पोचत नाही अशा कानाकोपऱ्यात तो राहिलाच. जेवताना आईजवळ त्यानं तसं बोलूनही दाखवलं होतं. पहिल्या दिवशी इंजिन रडतखडत का होईना, चाललं. नंतर मात्र हा ठोका लागला, आणि रोज वाढतच गेला. नाथानं दट्ट्याच्या कड्या बदलल्या, खिळे आवळले, झडप उघडून पुसली. लोखंडात कुठे खोट सापडेना.

त्याची आई ठमाबाईसुद्धा कांडपीणच. तिच्या मुसळावरच तो वाढला होता. "आयशीच्या मुसलावर मोठा झालास नि आता तिचाच मुसल मोडतंस," असं शेजारची तुळसा त्याला भर पाणवठ्यावर म्हणाली, तेव्हा आई खाली मान घालून हंडा घासत राहिली होती. आज सकाळी तिचं मुसळ कोपऱ्यात दिसलं नाही, ते नाथाच्या लक्षात आलं, पण विचारायला सवड कुठे होती? इंजिनाचं पाणी मात्र ती स्वतः आणायची. दुसऱ्या कुठल्या बाईला हंडा भरू द्यायची नाही. नाथाला ती माया वाटली होती.

घाम पुसायला त्यानं बंडीचं टोक उचललं आणि तो थबकला. कोळशानं काळ्या झालेल्या बंडीवर जिथे जिथे चिळकांड्या पडल्या होत्या, तिथे पांढरे ठिपके उमटले होते. परटानं धुतल्यासारखे स्वच्छ. धुराड्यातलं पाणी डाग पाडतं, काढत नाही. त्यानं बॉयलरच्या काचेच्या नळीत डोकावून पाहिलं. आत नुसता फेस उसळत होता. बंडीवरचा एक थेंब त्यानं बोटांत चोळला. बुळबुळीत लागला. जिभेला लावला. कडू.

रिठा. सणाला आई नाकातली फुली याच पाण्यात धुवायची.

आता सगळं उघड झालं. फेसाबरोबर पाणी सिलिंडरमध्ये चढत होतं आणि दट्ट्या त्या पाण्यावर आपटत होता. आणखी काही दिवस हे असंच चाललं असतं, तर सिलिंडरचं झाकण उडून समोरच्या माणसाच्या छातीत बसलं असतं. समोर रोज नाथाच उभा असायचा. तो झाकणासमोरून बाजूला सरकला.

"काय रे, सापडलं का काही?" पंतांनी विचारलं.

"पान्यान रिठा हाय, पंत."

"म्हणजे कुणीतरी मुद्दाम घातलाय!" पंतांचा आवाज चढला. त्यांनी काठावरच्या बायकांवरून नजर फिरवली. "नाव सांग, नाथा. आत्ता चावडीवर उभं करतो. गप्प बसलास तर तूही त्यांना सामील आहेस असं धरीन."

नाथाच्या एका बाजूला आई होती, दुसऱ्या बाजूला पुढचा सगळा जन्म. तेवढ्यात ठमाबाईच डोक्यावर हंडा घेऊन काठ चढून आली. नाथानं पुढे होऊन तो उतरवला. हंड्याच्या तोंडाशी फेस डुचमळत होता. पंतांनी पाहिला, बायकांनीही पाहिला. आता नाव सांगायची गरजच उरली नव्हती. नाथाचं मस्तक फिरलं.

"आये, माझ्याच पोटावर पाय दिलास? त्या मुसलासाठी?"

ठमाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिनं पंतांकडे पाहिलं, थांबलेल्या चाकाकडे पाहिलं. आपलं काय चुकलं, हे तिला उमगेना. घट्टे पडलेले हात तिनं पदराला पुसले.

"मुसल कालच तुलसाला देऊन टाकला," ती म्हणाली. "तुझी गिरन चालाय लागल्यावर मना कशाला तो? तूच बोललास ना, याच्या पोटान मल राहिलाय, हात पोचत नाय. म्हनून रोज पान्यान रिठं उकलून आनते."

ती पुढे आली. इंजिनाच्या बाहेरच्या कोमट पत्र्यावर तिनं हलकेच हात ठेवला आणि मोठ्या आशेनं लेकाकडे पाहिलं.

"निघाला का रं मल?"