साडेतीन सेकंद

सायलीने अकरावा चिंचोका दहाव्यापासून बरोबर दोन बोटांवर ठेवला. आधीच्या सगळ्या चिंचोक्यांतही तेवढंच अंतर होतं. दीपाने स्टॉपवॉचकडे पाहिलं आणि वहीतल्या सव्विसाव्या मिनिटाच्या चौकटीत बारीक खूण केली.

"दर आयतवारी काय लिहिती गं एवढं?" सायलीची आजी मुक्ताबाई काष्टीच्या घराच्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती.

"डोळ्यांना दिसतं तेवढंच. मनातलं काही लिहायचं नाही, असा नियम आहे."

"बरा हाय नियम. मनातलं लिव्हायचं म्हनलं तर वही पुरायची न्हाई."

सायली सात वर्षांची होती. ती बोलत नसे, हाकेला वळत नसे, कुणाच्या डोळ्यांत पाहत नसे. पहिलीत घातलं तेव्हा चौथ्याच दिवशी शाळेने तिला घरी पाठवलं होतं. याला ऑटिझम म्हणतात, हे दीपाला इंटरनेटवर कळलं. ती भिंगारच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. अशा मुलांच्या शिक्षकांसाठी परदेशातल्या एका विद्यापीठाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता, तो ती ऑगस्टपासून ऑनलाइन करत होती. एकोणीसशे नव्व्याण्णव साल होतं. नगरमध्ये हे सांगितलं की लोक आधी 'ऑनलाइन' म्हणजे काय ते विचारत.

सायली उठली. दीपाचं मनगट धरून तिने तिला फडताळापाशी नेलं आणि तिचा हात गुळाच्या डब्यावर ठेवला. हे नेहमीचंच. दुसऱ्याचा हात म्हणजे तिच्या लेखी एक सांडशी. पण आज दीपाने डबा उघडला नाही. गेल्या आठवड्याच्या पाठात एकच सूचना होती: थांबा.

दीपा थांबली.

सायलीने डब्याकडे पाहिलं. झाकणावर नखाने टकटक केलं. मग मान वर केली आणि सरळ दीपाच्या डोळ्यांत पाहिलं.

दीपाच्या अंगठ्याने स्टॉपवॉचची कळ आपोआप दाबली, नजर वळताच पुन्हा दाबली.

"साडेतीन सेकंद," ती म्हणाली.

"बगितलं! पोरीनं बगितलं!" मुक्ताबाई उठली तशा मांडीवरच्या शेंगा अंगणभर झाल्या. "अगं, लिही की! उभी काय ऱ्हायलीस?"

दीपाने मात्र आधी डबा उघडला. सायलीने गुळाचा खडा घेतला आणि ती चिंचोक्यांकडे परत गेली, जणू काही घडलंच नव्हतं.

निघताना मुक्ताबाईने विषय काढलाच. "त्या तुझ्या शिक्षनाच्या कागदावर आईची सही पायजे म्हनत हुतीस. त्याचं काय झालं?"

"बघू."

"काय बघू? बाप दुसरं घर करून बसला. आईला कुनी इचारलं तर सांगती, मला मूलबाळ न्हाई. अशानं पोरगी शाळंत कवा जायची?"

दीपा खाली वाकून चपलेचा पट्टा लावत होती. "भीती वाटते तिला. नोकरीच्या ठिकाणी लोक बोलायला लागले म्हणजे?"

"मग माझा निरोप दे तिला. म्हनावं, पोरीनं साडेतीन शेकंद हिंमत केली. तू येकदा कर."

त्याच संध्याकाळी दीपाने नगरला उतरून विद्यापीठाला ई-मेलने अहवाल पाठवला.

सोमवारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक उत्तमराव सर स्कूटर काढून तिच्या मागोमाग नगरला आले. त्यांना उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. कॉम्प्युटर क्लासवाल्या योगेशने मोडेम लावला. तिसऱ्या खेपेला घरघर थांबून लाइन लागली, तेव्हा सरांनी चक्क टाळी वाजवली.

उत्तर आलं होतं. योगेश मराठीत सांगू लागला. "विद्यापीठातल्या बाई लिहितात, साडेतीन सेकंद वाचून मी खुर्चीतून उठले. ही मुलगी शाळेत शिकू शकेल. पुढच्या टप्प्यात शिक्षिका आणि आई, दोघींनी मिळून काम करायचं आहे. संमतीपत्राचा फॅक्स मात्र आज पोचला पाहिजे, नाहीतर तुमची जागा जाईल."

"शिकू शकेल! ऐकलंत?" सर उभेच राहिले. "मॅडम, माझा शब्द. जूनपासून पोरगी आपल्या शाळेत. ग्रंथालयामागची खोली रिकामीच आहे. चिंचोके मी आणतो, पोतंभर!"

दीपा हसली. तिचे कान लाल झाले होते.

"पण आईचं काय? भेटते ना तुम्हाला?"

"रविवारी काष्टीतच असते ती."

"मग सही का नाही घेतलीत?"

"सात महिने समजावतेय, सर."

"कसली आई म्हणायची ही! समोर आली ना, चांगलं सुनावीन."

"सुनावा, सर," दीपा म्हणाली.

तिने पर्समधून चार घड्यांचा कागद काढला. घड्यांवर तो विरला होता. खाली दोन चौकटी होत्या, वरची आईसाठी, खालची शिक्षिकेसाठी. तिने खालच्या चौकटीत सही केली. क्षणभर पेन उचललं. मग वरच्या चौकटीतही केली.

योगेश वाकून पाहत होता. "अहो मॅडम, चुकलं! वरची जागा आईची आहे. आता खोडलं तर फॅक्समध्ये दिसेल."

दीपाने पेनाला टोपण लावलं. मोडेमचे दिवे लुकलुकत होते.

"चुकलं नाही, योगेश." ती सरांकडे वळली. "सर, जूनमध्ये मी सायलीला भिंगारला आणतेय. ती माझी मुलगी आहे."