भाता

सिगारेट सुटून दीड वर्ष झालं, तरी ओजिमा स्टेशनचा जिना चढला की विनायकला चोवीस तास उघड्या कोन्बिनी दुकानाच्या दारातल्या बाकावर टेकावं लागे. नेमके तिथेच फुंकणारे जमायचे. “या नेभळटांना निश्चय कसला झेपणार!” असं तो मराठी मंडळात टेचात सांगायचा. धापा टाकणाऱ्या सासऱ्यांना तर त्यानं ‘भाता’ नावच ठेवलं होतं. आज त्याच्याच छातीचा भाता चालू होता आणि समोरून बायको आली. त्यानं शेजारी फुंकत बसलेल्या जपानी म्हाताऱ्यापुढे हात पसरला आणि मिळालेली सिगारेट बोटांत धरली. “पुन्हा सुरू केलीस? आणि लोकांना निश्चय शिकवतोस, खोटारड्या!” धाप ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं ओठ घट्ट मिटले; तिला ती कबुली वाटली. “शी!” म्हणत ती तरातरा निघून गेली. खोटारडा चालेल, भाता नको. धाप ओसरल्यावर त्यानं ती न पेटवलेली सिगारेट कमरेत वाकून म्हाताऱ्याला परत केली.