भावकीतली शिकवणी

रंगनाथकाकांनी सोडवून दिलेल्या डिटर्मिनंटचं उत्तर पुस्तकाशी जुळेना. सहादेव ओसरीवर बसून वरून खाली, खालून वर ओळी वाचत राहिला. शेवटी घावलं. मधल्या पदाला वजा हवा होता, काकांनी अधिक धरला होता.

"आबा, आजबी चूक हाय!"

त्याचा बाप पुंजाराम दुष्काळी कामावरून नुकताच आला होता. अंगावरचा खडीचा धुरळा झटकत तो म्हणाला, "मी काय सांगत हुतो? भावकी हाय ती. दावा चालू असताना फुकट शिकवायला तो काय देव लागून गेलाय?"

रंगनाथ पुंजारामचा चुलतभाऊ. घराला घर लागून, पण बांधावरून जामखेडच्या कोर्टात दावा चालू आणि दोन्ही घरांत बोलणं बंद. भावकीतलं वैर गोठ्यातल्या बैलासारखं असतं, रोज वैरण घालावी लागते. त्यांच्या खर्डा गावात त्या वैरणीला कधीच दुष्काळ पडला नाही. या रंगनाथनं, जामखेडच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरानं, एके दिवशी भिंतीवरून हाक मारली होती, "सहादेव, गणित घेऊन येत जा."

सहादेव नगरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होता. सहामाहीत गणितात नापास झाला आणि अभ्यासाला गावीच येऊन राहिला. फळ्यावरचं सगळं त्याला लगेच पटायचं आणि वर्गाबाहेर पडेपर्यंत विसरायचं. वार्षिक परीक्षेत पुन्हा आपटला तर कॉलेज बंद आणि टोळीबरोबर राहुरीकडं ऊसतोडीला जायचं, हे घरात ठरलेलं होतं. म्हणून तो काकांकडं गेला, पण संशय बरोबर घेऊनच.

आणि संशय खरा ठरला. काका समजावून छान सांगत, पण कागदावर रोज कुठंतरी खोट असायचीच. कधी कॉसचं डिफरन्सिएशन करताना वजा गायब, कधी इंटिग्रेशनमध्ये हद्दी उलट्या. सहादेवच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आपल्याला नापास करायचा डाव आहे, याबद्दल त्याला शंका उरली नाही. तो प्रत्येक गणित स्वतः पहिल्यापासून मांडू लागला.

"जाऊन तोंडावरच विचारतो," तो एकदा म्हणाला.

"खुळा हायस का? गप ऱ्हायचं. चूक धरायची, पन कळू द्यायचं न्हाई."

एकदा मात्र मॅट्रिक्सचा इन्व्हर्स काही केल्या खोटा ठरेना.

"आज बरोबर दिसतंय, आबा."

"रंगनाथ आन् बरोबर? पुन्हा बघ."

सहादेवनं पुन्हा बघितलं. ओळींचे स्तंभ करायचं काकांनी गाळलं होतं. पुंजाराम मांडीवर थाप मारून हसला. त्या दुष्काळात तो असा क्वचितच हसला होता.

निकाल लागला. सहादेव गणितात पहिल्या वर्गात पास झाला. तो तडक शेजारी गेला. पेढे द्यायला नव्हे, हिशेब चुकता करायला.

"काका, पास झालो. तुमी लई बेमालूम चुका घातल्या, पन एकूनएक घावल्या मला."

"एकूनएक?"

"व्हय. इन्व्हर्सची सुदीक."

रंगनाथनं मोठा श्वास सोडला. "सुटलो बाबा एकदाचा! बरोबर सोडवायला काय लागतंय? तुला घावंल, पन लगीच घावनार न्हाई, अशी चूक रोज कुठनं आनायची?"

"मग कशापायी केलं हे?"

"अट हुती. इतक्या वर्षांनी तुझा बाप आमच्या उंबऱ्याशी आला, हात जोडून हुबा ऱ्हायला, आन् म्हनला, 'सरळ सांगितलेलं पोराच्या डोक्यात ऱ्हात न्हाई. पन भाऊबंदाची खोट काढल्याबिगर त्याला झोप यायची न्हाई.'"